परदेशी शिक्षण : पदवी मिळते, देश कळतो का?

मुलगा किंवा मुलगी परदेशी शिकायला निघाली की घरात दोन प्रकारची बोलणी चालतात. पहिले हिशेबाचे. कर्ज किती, तारण काय ठेवायचे, प्रवेश कोणत्या इनटेकला, शिक्षण संपल्यावर कामाचा परवाना किती वर्षांचा. दुसरे बोलणे चटकन उरकते, कारण ते सगळ्यांना आधीच मान्य असते: जग बघेल, चार देशांच्या मुलांत राहील, दृष्टी मोठी होईल. पहिल्या बोलण्यातल्या प्रत्येक आकड्याची कसून चौकशी होते, दुसऱ्यातल्या गृहीतकाची कोणी करत नाही. ती करायला हवी, कारण प्रश्न आता मूठभर लोकांचा राहिलेला नाही. भारत सरकारने संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०२४ साली १३ लाखांहून अधिक भारतीय विद्यार्थी परदेशांत शिकत होते. एकट्या अमेरिकेत २०२३-२४ मध्ये ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते आणि चीनला मागे टाकून भारत तिथे पहिल्या क्रमांकावर आला. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांतही त्या वर्षी भारतीय सर्वांत जास्त होते, ४९ हजारांच्या वर. एवढी तरुण माणसे ऐन विशीत दुसऱ्या समाजात जाऊन राहतात. त्यांतल्या किती जणांना तो समाज कळतो?

माझे म्हणणे असे आहे की परक्या देशात राहिल्याने तो देश आपोआप कळत नाही. तिथल्या माणसांशी गरजेचे, बरोबरीचे आणि रोजचे नाते जुळले तरच तो कळतो. पूर्वीच्या विद्यार्थ्याला असे नाते जोडावेच लागे, कारण जवळ आपले म्हणावे असे दुसरे कोणी नसे. आजच्या विद्यार्थ्याला ते न जोडता दोन वर्षे निभावून नेता येतात. जे एके काळी नाइलाजाने घडत होते ते आता ठरवून घडवावे लागेल, आणि ते ठरवणारे कोणी आज तरी दिसत नाही.

हे शहाणपण नवे नाही. सातव्या शतकात चीनहून नालंदेला शिकायला येणाऱ्या भिक्षूंनी ते अनुभवाने मिळवले होते. इ.स. ६७१ मध्ये निघालेला इत्सिंग थेट भारतात आला नाही. सुमात्रा बेटावरच्या श्रीविजय राज्यात तो सहा महिने थांबला, संस्कृत व्याकरण शिकला, आणि मगच पुढे येऊन नालंदेत सुमारे दहा वर्षे राहिला. आपल्यामागून येणाऱ्या चिनी भिक्षूंना त्याने स्पष्ट सल्ला दिला की भारतात जाण्यापूर्वी वर्ष-दोन वर्षे श्रीविजयात राहून तिथल्या रीतीभाती अंगवळणी पाडा. परदेशी शिक्षणासाठीच्या पूर्वतयारीचा हा बहुधा सर्वांत जुना लेखी आग्रह असावा. त्याच्या आधी येऊन गेलेला युआन श्वांग नालंदेत शीलभद्राकडे शिकला आणि दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला. इथली माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमानाची भरपाई केल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने लिहून ठेवले. आपल्याविषयीच्या सर्वांत जुन्या वर्णनांपैकी एक अशा रीतीने एका परदेशी विद्यार्थ्याच्या हातचे आहे. ते इतके नेमके उतरले, कारण लिहिणारा वाटेवरचा प्रवासी नव्हता. तो इथली भाषा वर्षानुवर्षे शिकलेला माणूस होता.

मराठी समाजातली पहिली ठळक उदाहरणे पाहिली तर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा अमेरिका त्यांना पूर्ण अनोळखी नव्हती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुमारे तीन वर्षे चालू होता. त्या पत्रांत कार्पेंटरबाई प्रश्न विचारत आणि आनंदीबाई आपल्याकडचे सण, चालीरीती, बायकांचे जिणे समजावून सांगत. हे समजावणे म्हणजेच त्यांच्या शिक्षणाचा पहिला धडा होता असे मला वाटते. ज्या गोष्टी आपण करतो म्हणून करतो, त्यांचे कारण परक्या माणसाला सांगायला बसले की त्या प्रथमच नीट पाहाव्या लागतात. पुढे त्या कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. जेवण शाकाहारी आणि अंगावर लुगडे हे त्यांनी सोडले नाही, आणि प्रबंधाचा विषयही घेतला तो हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. १८८५ सालच्या एका छायाचित्रात त्या जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबूली यांच्यासोबत बसलेल्या दिसतात. तिघी आशियातल्या तीन वेगळ्या देशांतून आलेल्या, तिघी आपापल्या पोशाखात, तिघींचा अभ्यास एकच. परकी संस्कृती कळायची तर आपली टाकावी लागते, या भीतीला त्या छायाचित्राइतके सरळ उत्तर क्वचितच मिळेल.

परदेश म्हणजे पश्चिमच असेही नाही. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी १९०२ मध्ये सिंहलद्वीपात गेले, कोलंबोच्या विद्योदय विहारात पाली शिकले आणि पुढे ब्रह्मदेशात राहिले. हार्वर्डहून त्यांना बोलावणे आले ते याच शिक्षणाच्या बळावर.

परक्या ठिकाणी शिकताना सर्वांत लख्ख दिसतो तो पुष्कळदा आपलाच समाज. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. विषय अर्थशास्त्र होता, पण सेलिग्मन, ड्यूई, गोल्डनवायझर अशा वेगवेगळ्या शाखांच्या शिक्षकांकडे ते बसले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी जातिसंस्थेची घडण, उगम आणि वाढ यांवर निबंध वाचला. समोर बसलेल्यांना जात म्हणजे काय हे अंगाने माहीत नव्हते, त्यामुळे काहीही गृहीत धरून चालणार नव्हते. आतल्या माणसाला जे गृहीत असते ते बाहेरच्यांपुढे पायापासून मांडावे लागते. जातीचा कणा जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनात आहे, हे सूत्र त्या मांडणीतून आले. तो समाज सोसून गेलेल्या माणसाला विषय नवा नव्हता. नवी होती ती वर्गात बरोबरीने बसून त्याची चिकित्सा करण्याची मोकळीक आणि तिच्यासाठी लागणारी हत्यारे. इरावती कर्वे यांचे उदाहरण दुसऱ्या टोकाचे आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगन फिशर यांच्या हाताखाली गेल्या. कवट्यांच्या मोजमापातून वंशावंशांतला फरक दाखवावा अशी त्या संस्थेची अपेक्षा होती. कर्व्यांच्या मोजमापात तसा फरक निघाला नाही आणि त्यांनी प्रबंधात तसेच लिहिले. यजमान देशाची विद्या घ्यायची, पण त्याचे पूर्वग्रह घ्यायचे नाहीत, हेही शिकण्याचाच भाग आहे. जर्मनीत त्यानंतर काय घडले हे माहीत असलेल्या वाचकाला त्या प्रबंधाचे वजन वेगळे सांगायला नको.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि १८८६ मध्ये आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी अमेरिकेत पोचल्या. तिथे त्या बालवाडीची नवी शिक्षणपद्धती शिकल्या, गावोगाव हिंडल्या आणि परत येऊन १८८९ मध्ये ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत छापले. तिथल्या बायकांच्या संस्थांचे त्यात मनापासून कौतुक आहे आणि तिथल्या वंशभेदाचे दर्शनही आहे. पुस्तक मराठीत लिहिले हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. शिकलेले परत घरच्या भाषेत आणले नाही तर ते शिकणाऱ्या एकट्यापाशीच राहते. अंतोनियो स्पिलिम्बेर्गो या अर्थशास्त्रज्ञाने २००९ मध्ये अनेक देशांच्या आकडेवारीवरून दाखवले की परदेशी शिकलेल्यांचा मायदेशातल्या लोकशाहीशी अनुकूल संबंध दिसतो, पण शिक्षण लोकशाही देशात झाले असेल तरच. म्हणजे विद्यार्थी नुसता विषय शिकत नाही, तो ज्या हवेत राहतो ती हवाही घरी नेतो.

इथे कोणी म्हणेल की ही सगळी असामान्य माणसे, त्यांच्यावरून नियम कसा काढायचा? आक्षेप बरोबर आहे, म्हणून साध्या विद्यार्थ्यांवर झालेल्या पाहण्यांकडे वळू. या अभ्यासाचा पाया गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये घातला. दोन गटांतली माणसे नुसती जवळ आल्याने पूर्वग्रह कमी होत नाहीत, असे त्याचे सांगणे होते. दर्जा बरोबरीचा हवा, काम सामाईक हवे, ते परस्परांच्या मदतीने करायचे असावे आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये अशा ५१५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. सहवासाने पूर्वग्रह साधारणपणे घटतात आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या गेल्या तर जास्त घटतात, असे त्यांना आढळले. परदेशी शिकणाऱ्यांपुरते पाहिले तर अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला, जॉर्जटाउन विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला अभ्यास डोळे उघडणारा आहे. सुमारे १,३०० विद्यार्थी आणि ६१ अभ्यासक्रम त्यात होते. यजमान कुटुंबात राहण्याची सोय केल्याने आपोआप फरक पडला नाही, त्या कुटुंबासोबत प्रत्यक्ष वेळ घालवणाऱ्यांत पडला. सर्वांत मोठा परिणाम दिसला तो, आलेल्या अनुभवांवर सोबत बसून बोलणारा कोणी जाणता मार्गदर्शक तिथे होता की नाही, याचा. जर्मनीत येना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये परदेशी गेलेल्या आणि घरीच राहिलेल्या मिळून हजारावर विद्यार्थ्यांचा स्वभाव आधी आणि नंतर तपासला. गेलेल्यांत मोकळेपणा वाढला होता, अस्वस्थता कमी झाली होती, आणि हा बदल मुख्यतः परदेशी माणसांशी जुळलेल्या नव्या मैत्रींशी जोडलेला निघाला. २०१८ मध्ये आलेल्या आणखी एका अभ्यासमालेत आपण कोण आहोत याची जाण परदेशी राहिल्याने स्पष्ट होते असे दिसले. ती किती देश पाहिले यावर अवलंबून नव्हती, परदेशात किती काळ राहिलो यावर होती.

मुदतीचा हा मुद्दा आजच्या आपल्या मुलांच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. नॉर्वेचा समाजशास्त्रज्ञ स्वेर्रे लिसगार्ड याने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या २०० नॉर्वेजियन फुलब्राइट अभ्यासकांशी बोलून एक वक्ररेषा मांडली. सुरुवातीचे दिवस उत्साहाचे, साधारण सहा ते अठरा महिन्यांचा टप्पा एकटेपणाचा, आणि नंतर पुन्हा सूर जुळतो. पुढच्या संशोधकांनी, विशेषतः कोलीन वॉर्ड यांनी, ही रेषा सगळ्यांना लागू नाही आणि पुष्कळांना पहिलेच आठवडे सर्वांत कठीण जातात असे दाखवले. रेषेचा आकार काहीही असो, दोन्ही बाजूंना एक गोष्ट मान्य आहे: सूर जुळायला वेळ लागतो. आता ब्रिटनमधल्या एका वर्षाच्या एम.एस्सी.चा विचार करा. ती संपते तेव्हा लिसगार्डचा अभ्यासक अजून खालच्या उतारावर असतो. त्या एका वर्षातही पहिले सत्र स्थिरावण्यात जाते आणि शेवटचे नोकरी शोधण्यात.

आणि उरलेला वेळ कोणासोबत जातो? अमेरिकेतल्या एखाद्या विद्यापीठाच्या गावी उतरण्याआधीच मुलांचा व्हॉट्सॲप गट तयार असतो. त्यावरच रूममेट ठरतात, विमानतळावर न्यायला कोण येणार तेही ठरते. एका फ्लॅटमध्ये चौघे, चौघेही आपल्याकडचे, प्रेशर कुकर सोबत आणलेला, वाणसामान इंडियन स्टोअरमधून, गणपती आणि दिवाळी तिथल्या मंडळात. प्रयोगशाळेतले गटकामही पुष्कळदा त्याच चौघांत वाटले जाते. यात वाईट काय, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तितकेच प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. स्टीफन बॉखनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हवाईत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांची मैत्री तपासली, तेव्हा तीन वर्तुळे दिसली. आपल्या देशाची माणसे मनाला आधार देतात, यजमान देशाची माणसे अभ्यास आणि व्यवहार सोपे करतात, आणि इतर परदेशी विद्यार्थी विरंगुळ्याला सोबत करतात. म्हणजे स्वदेशीयांचे वर्तुळ ही गरज आहे. दूर देशी आजारी पडलेल्या मुलीला वरण-भात आणून देणारी मैत्रीण लाख मोलाची असते. अडचण एकच आहे. बाकीची दोन वर्तुळे तयारच झाली नाहीत तर ते पहिले वर्तुळ भिंत होऊन बसते. १८८३ मध्ये आनंदीबाईंना ते वर्तुळ नव्हतेच, त्याची किंमतही त्यांनी जिवाने मोजली. आज ते इतके भरभक्कम आहे की त्याबाहेर पडायला खास कारण लागते.

याचा सर्वांत टोकाचा नमुना मध्य आशिया आणि पूर्व युरोपात एमबीबीएस करायला गेलेल्या मुलांचा. तिथे इंग्रजी माध्यमाचे वर्ग बहुतांशी परदेशी मुलांचेच भरतात, वसतिगृह वेगळे, भारतीय मेस वेगळी, आणि सगळे लक्ष परत येऊन द्यायच्या परीक्षेवर. त्या देशाची भाषा रुग्णाशी बोलण्यापुरती कशीबशी येते. मे २०२४ मध्ये किर्गिझस्तानच्या बिश्केक शहरात जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले, तेव्हा भारतीय आणि पाकिस्तानी मुले खोल्यांत कोंडून बसली. हिंसेचा दोष हिंसा करणाऱ्यांचाच, यात शंका नको. पण वर्षानुवर्षे एकाच शहरात राहूनही दोन समाजांची ओळखच होऊ नये अशी व्यवस्था दोन्हीकडच्या शिक्षणसंस्थांनी आणि दलालांनी उभी केली, हेही त्या रात्री उघड झाले.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप पैशाचा आहे. शेत किंवा घर गहाण ठेवून तीस-चाळीस लाखांचे कर्ज काढलेल्या मुलाने संस्कृतीचा अभ्यास करावा ही अपेक्षा सुखवस्तू माणसाची चैन नाही का? त्याला हप्ते फेडायचे आहेत, आठवड्याला ठरावीक तासच काम करायची मुभा आहे, ते तास कुठे कॅफेत तर कुठे गोदामात जातात. मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण या मुलाचे पुढचे आयुष्य ज्या नोकरीवर अवलंबून आहे तीही तिथल्या माणसांकडूनच मिळणार असते. मुलाखतीत मोकळेपणाने बोलणे, वरिष्ठाला नाही म्हणण्याची तिथली रीत, गप्प बसण्याचा तिथला अर्थ हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसते, ते सहवासातच येते. शिवाय कॅफेतली किंवा गोदामातली ती नोकरी स्वतःच ऑलपोर्टच्या अटींमध्ये बसते: सामाईक काम, खांद्याला खांदा. पुष्कळ मुलांना तो देश वर्गापेक्षा तिथेच जास्त कळत असावा असे मला वाटते, आणि आपण घरी त्या कामाविषयी बोलायला लाजतो ही चूक आहे.

दुसरा आक्षेप युरोपातून येतो. युरोपीय देशांची इरॅस्मस योजना १९८७ मध्ये ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली आणि सामाईक युरोपीय भावना वाढावी हा तिच्या हेतूंपैकी एक होता. पण इमॅन्युएल सिगालास, इयान विल्सन, तेरेसा कून अशा अभ्यासकांनी दाखवले की जाणारे विद्यार्थी मुळातच युरोपाकडे ओढा असलेले असतात, त्यामुळे योजनेचा स्वतःचा परिणाम वाटतो त्याहून खूप कमी असतो. हे खरे मानले तरी भारतीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत ते उलट बाजूने लागू पडते. आपली मुले कुतूहलापोटी निघत नाहीत, पदवी आणि नोकरीसाठी निघतात. म्हणजे आधीच मन वळलेल्यांची ही भरती नव्हे. त्यांच्यात बदल व्हायला जागा जास्त आहे, आणि तो घडवणारी व्यवस्था मात्र जवळजवळ शून्य आहे.

तिसरा आक्षेप अधिक अस्वस्थ करणारा आहे: सहवासातून तिरस्कारही उपजतो. इजिप्तचा सय्यद कुत्ब १९४८ ते १९५० अमेरिकेत होता, त्यातला काही काळ कोलोरॅडोतल्या ग्रीली या गावच्या महाविद्यालयात. परत जाऊन त्याने अमेरिकन समाजाविषयी कडवट लिहिले आणि पुढे तो राजकीय इस्लामचा प्रमुख विचारवंत झाला. पण तो कसा गेला होता हे पाहावे. वय ४२, मते पक्की झालेली, अमेरिकेची शिक्षणपद्धती पाहून यायला शिक्षणखात्याने पाठवलेला अधिकारी. बरोबरीच्या माणसांसोबत करायचे काम त्याला नव्हते, आणि आजूबाजूला रंगभेद उघड चालू होता. एकाही अटीची पूर्तता नसलेला सहवास काय करतो याचे ते उदाहरण आहे. उलट भीती असते ती आपली मुले आपली न राहण्याची. चीनच्या दरबाराने १८७२ पासून १२० मुले अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात यजमान कुटुंबांत राहून शिकायला पाठवली. ती बेसबॉल खेळू लागली, काहींनी शेंड्या कापल्या, चर्चमध्ये जाऊ लागली, आणि १८८१ मध्ये घाबरलेल्या दरबाराने सगळ्यांना परत बोलावले, बहुतेकांना शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पण त्याच तुकडीतल्या, येल विद्यापीठाची पदवी हाती आलेल्या झान त्यानयू याने पुढे बीजिंग ते झांगजियाकोऊ हा डोंगराळ लोहमार्ग परदेशी अभियंत्यांशिवाय बांधून दाखवला, आणि तांग शाओयी १९१२ मध्ये चिनी प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. भीतीपोटी परत आणलेली मुलेच देशाच्या कामी आली.

मग काय करता येईल? भाषेपासून सुरुवात करावी. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट यांच्यामुळे जर्मन शिकण्याची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तरी इंग्रजी माध्यमाच्या एम.एस.ला जाणारी पुष्कळ मुले जुजबी जर्मन शिकून थांबतात. पदवी इंग्रजीत मिळते हे खरे. पण घरमालकाचे पत्र, डॉक्टरकडची वेळ, रविवारी काचेच्या बाटल्या टाकल्यावर शेजारीण का रागावली, हे सगळे जर्मनमध्ये असते. तिकडे विद्यार्थी मिळून घर चालवतात त्याला व्हे-गे म्हणतात. तिथे जागा मिळण्याआधी आत राहणारी मुले नव्याची भेट घेतात, साफसफाईची पाळी लावतात आणि भांडी न घासणाऱ्याला तोंडावर सांगतात. जर्मन समाजाचा स्पष्टपणा आणि नेमकेपणा शिकवणारी याहून चांगली शाळा मला माहीत नाही. पालकांनी पहिल्या सहामाहीनंतर तरी मुलाला आपल्या माणसांच्या फ्लॅटमधून अशा घरात जायला उत्तेजन द्यावे. इथल्या महाविद्यालयांनी जाणाऱ्यांसाठी फॉर्म भरण्यापलीकडची तयारी घ्यावी, आणि परतलेल्यांना अनुभव मराठीत लिहायला बसवावे.

सरकारच्या हातीही पुष्कळ आहे, आणि तिथे एक गोष्ट मला अतिशय खटकते. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे संशोधनविषय वगळण्यात आले. त्यासाठी परदेशी जायची गरज काय, असा त्यामागचा विचार. पण आपला समाज दुरून आणि परक्यांपुढे मांडताना जसा दिसतो तसा घरून दिसत नाही, हेच तर या सगळ्या इतिहासाचे सांगणे आहे. गोल्डनवायझर यांच्या वर्गात वाचलेला तो निबंध या नियमात बसला नसता.

इंटरनेटवर जग घरबसल्या दिसते, मग जायचेच कशाला, हा आक्षेप मला फार टिकाऊ वाटत नाही. पडद्यावरच्या माणसाची आपल्याला गरज नसते आणि त्याला आपली नसते. आवडला नाही तर तो बंद करता येतो, एका घरात सोबत राहणाऱ्याला बंद करता येत नाही.

आतापर्यंत बोललो ते जाणाऱ्यांविषयी. पण यजमान म्हणून आपण कसे आहोत? उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणे २०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, त्यांत सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे. जाणाऱ्यांच्या मानाने येणारे नगण्य. पुण्यात इराणी, येमेनी, अफगाण, आफ्रिकी मुलांची ये-जा दशकानुदशके आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार वसतिगृहाची व्यवस्था पाहत. कावीळ झालेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला एक मुलगी खिडकीतून जेवण देताना त्यांना दिसली, कारण मुलींना आत जायला मनाई होती. परक्या मुलांची ही आबाळ मनात राहिल्यामुळे त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केली. दुसरीकडे मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली तेही याच देशात. कोलंबियातल्या वसतिगृहात ज्यांना खोली मिळाली होती त्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात संस्थानची नोकरी असूनही राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून त्यांना हातात काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढले. आज सुदानहून किंवा टांझानियाहून पुण्यात आलेल्या मुलाला घर दाखवताना दलाल आधी देश विचारतो, मग खाणे विचारतो, आणि पुष्कळदा तिथेच बोलणे संपते. पुढची तीन वर्षे तो मुलगा त्याच्याच देशाच्या चौघांबरोबर, शहराच्या कडेला, एका फ्लॅटमध्ये काढतो.